चौऱ्याहत्तर मते आणि एक पावती : गावकीच्या बहिष्काराचे प्रकरण

दक्षिण रायगडातल्या खाडीकाठच्या एका गावातले हे प्रकरण आहे. गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा वापरायला निघालेल्या माणसाला, त्याच्या वकिलाला किंवा कार्यकर्त्याला उपयोग व्हावा म्हणून कुठल्या टप्प्यावर काय ठरवले आणि का, यावर भर दिला आहे.

पार्श्वभूमी

गाव सुमारे १४० घरांचे, तीन वाड्यांचे. कागदावर कारभार ग्रामपंचायतीचा, पण गाव चालवते गावकी. सात पंच असतात आणि अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार त्यांच्यातलेच. मुंबईत चाकरमान्यांचे मंडळ आहे, त्याची गिरणगावात खोली आहे, आणि मंडळाचा शब्द गावातल्या पंचांइतकाच चालतो. घरटी वर्गणी वर्षाला १,२०० रुपये. त्या पैशांतून मयताचे सामान येते, शिमगा होतो, पाखाडी (पायऱ्यांची दगडी वाट) दुरुस्त होते, रात्री-अपरात्री आजाऱ्याला तालुक्याला न्यायचे तर गाडीची सोय होते. गावकीला नुसती दंडेली समजून कामाला लागलेला माणूस इथेच चुकतो. ती खरोखर उपयोगाची असते, म्हणूनच तिच्याबाहेर फेकले जाणे परवडत नाही.

तक्रारदार ३८ वर्षांचा, स्वतःची मिनिडोर (प्रवासी तीनचाकी) चालवणारा. पत्नी घरी शिवणकाम करायची आणि बचत गटाची खजिनदार होती. घरात सत्तरीची आई आणि शाळेत जाणारी दोन मुले.

डिसेंबर २०२२ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी गावकीने सभा घेऊन सदस्यांची नावे ठरवली आणि निवडणूक बिनविरोध करायची असे जाहीर केले. बिनविरोध ग्रामपंचायतीचे आपल्याकडे कौतुक होते, पुढारी तिला निधीचे आश्वासन देतात. पदांचा उघड लिलाव झाला तेव्हा मात्र राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली होती. या गावात बोली लागली नव्हती. चार जणांनी नावे सांगितली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, एवढेच.

तक्रारदाराने तरीही एका प्रभागातून अर्ज भरला आणि दोनदा निरोप येऊनही मागे घेतला नाही. प्रभागात २१२ मते पडली, त्यातली ७४ त्याला. तो पडला. पण ७४ हा आकडा पंचांना झोंबला, आणि पुढे न्यायालयात तोच सर्वांत कामाला आला.

बहिष्कार

जानेवारी २०२३ मध्ये देवळाच्या सभामंडपात सभा झाली. निर्णय असा : तक्रारदाराने ५१,००० रुपये दंड भरावा आणि देवीसमोर नारळ ठेवून गावाची माफी मागावी. तोवर त्याच्या घराशी व्यवहार बंद. जो बोलेल किंवा देवघेव करेल त्याला ५,००० रुपये दंड. चिटणिसाने त्याच रात्री गावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळींत हे टाकले आणि दुसऱ्या दिवशी पुसले.

पुढच्या दहा दिवसांत मिनिडोरमध्ये गावातला माणूस बसेना. गिरणीतून तांदळाची पिशवी न दळता परत आली. बचत गटाची बैठक पत्नीला न कळवता झाली आणि पासबुक दुसरीकडे गेले. मुलांना क्रिकेटमध्ये घेणे थांबले. मार्चमध्ये शिमग्याची पालखी शेजारच्या अंगणात नाचली आणि यांच्या दारावरून पुढे गेली. आईने ओटी भरायचे ताट करून ठेवले होते.

फेब्रुवारीत चुलत भाऊ तक्रारदाराच्या मुलाला ताप आला म्हणून त्याला दवाखान्यात घेऊन गेला. त्याच्याकडून ५,००० रुपये वसूल झाले आणि खजिनदाराने सवयीने पावती फाडली. पावती देवस्थानच्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या पुस्तकातली होती, वर नोंदणी क्रमांक, खाली शिक्का. ‘देणगीदार’ या छापील शब्दापुढे चुलत भावाचे नाव आणि ‘कशाबद्दल’ या रकान्यात निळ्या बॉलपेनने लिहिलेले : ‘गावकीचा नियम मोडला म्हणून’.

पेच : न बोलणे हा गुन्हा कसा?

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारला गेला, पुढे आरोपींच्या वकिलांनीही हाच मांडला, आणि तो फालतू नाही. कोणाशी बोलावे, कोणाच्या गाडीत बसावे, कोणाकडे ब्लाउज शिवायला टाकावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. कायदा व्यक्तिस्वातंत्र्य मानतो तर १३९ घरांनी आपापल्या मर्जीने एका घराशी बोलणे सोडले, त्यात गैर काय?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा मांडताना समाधान व्यक्त केले होते की, त्यात गाव बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानला आहे. ते तत्त्व महाराष्ट्रात बहिष्काराच्या बाबतीत प्रत्यक्ष गुन्ह्याच्या रूपात यायला जुलै २०१७ उजाडला. ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६’ तेव्हा लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात बहिष्कार ठरणाऱ्या कृत्यांची यादी आहे : धार्मिक वा सामाजिक विधीत अडथळा, व्यवहार तोडणे, मुलांना एकत्र खेळू न देणे, राजकीय कलावरून भेदभाव वगैरे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र (पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाविना तपास करता येतो), पण जामीनपात्र.

यादी वाचून बरेच तक्रारदार एकच चूक करतात. कोण कधी बोलले नाही, कोणी तोंड फिरवले, याची जंत्री देतात. तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण शेजारी खरोखरच रागावलेला असू शकतो. सिद्ध करायचे असते ते अबोल्यामागचे फर्मान : कोणी, कुठे, कधी काढले आणि मोडणाऱ्याला काय शिक्षा ठेवली. शेजाऱ्याला बोलायची मोकळीक उरली नव्हती हे दाखवले की ‘आमची मर्जी’ हा बचाव त्याच्याच वजनाने पडतो.

इथे ते दोन गोष्टींनी दाखवता आले. एक, ती पावती. दुसरे, मतदान. पडद्याआड एकट्याने बटण दाबायचे होते तेव्हा ७४ जणांनी या माणसाला पसंत केले. महिन्याभराने सभामंडपात सर्वांदेखत हात वर करायचे होते तेव्हा त्या ७४ पैकी एकही उभा राहिला नाही.

समोरचे मार्ग

दंड भरून ‘गावकीत येणे’ हा सर्वांत स्वस्त मार्ग. ५१,००० रुपये म्हणजे मिनिडोरची साधारण तीन महिन्यांची कमाई होती, आणि आई याच बाजूची होती. अडचण अशी की दंड भरणे म्हणजे उमेदवारी हा अपराध होता असे लिहून देणे. पुढच्या निवडणुकीला तोच दाखला सर्वांना दाखवला गेला असता.

गाव सोडून पनवेलला जाणे पत्नीला पटत होते. पण घराच्या वाटणीचे कागद झालेले नव्हते.

तंटामुक्त समितीकडे जाणे पोलिसांनी सुचवले. ही मोहीम २००७ पासून चालू आहे आणि बांधाच्या भांडणात तिचा उपयोग होतो. इथे समितीचा अध्यक्ष हाच गावकीचा अध्यक्ष होता.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली सहायक धर्मादाय आयुक्तांकडे जाणे ही वाट सुरुवातीला कोणाच्याच डोक्यात नव्हती. पावतीवरचा नोंदणी क्रमांक पाहून वकिलांनी ती काढली. कलम ३७ खाली तपासणी मागता येते, कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येते. मार्ग संथ, पण तुरुंगापेक्षा पद जाण्याची भीती पंचांना जास्त असते.

शेवटी फौजदारी आणि धर्मादाय असे दोन्ही मार्ग एकदम धरले. पैशांचा प्रश्न जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने सोडवला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्री अर्जदाराला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणून तो अर्ज पत्नीच्या नावाने केला.

अर्ज ते गुन्हा

पहिला अर्ज चार पानी होता. त्यात २०१४ च्या बांधाच्या भांडणापासून सगळे होते. ठाणे अंमलदाराने अदखलपात्र नोंद केली आणि एन.सी.ची प्रत हातात दिली. शिवाय दोन्ही बाजूंना तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची नोटीस निघाली, म्हणजे तक्रारदारालाही शांतता राखण्याची समज. हे इतके सर्रास होते की नोटीस आली म्हणून गांगरून जाऊ नये. लेखी उत्तर देऊन पोच घ्यावी.

दुसरा अर्ज दीड पानाचा केला. त्यात सभेची तारीख, वेळ व जागा, बोलणाऱ्या तिघांची नावे व शब्द, ठरलेला दंड, बोलणाऱ्यावरचा दंड, वसुलीची तारीख, अधिनियमाची कलमे आणि जोडलेले कागद एवढेच होते. बाकीचे सगळे काढून टाकले. तो रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना त्याच संहितेच्या कलम १५४(३) खाली पाठवला. १८ दिवसांनी, एप्रिल २०२३ मध्ये, गुन्हा नोंदला गेला. तसे झाले नसते तर कलम १५६(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जायचा अर्ज टाइप करून ठेवला होता. (१ जुलै २०२४ पासून नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागते. तिथे हे अनुक्रमे कलम १७३(४) आणि १७५(३). एक नवी अडचणही आहे : तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. गावात तेवढ्या दिवसांत पावती पुस्तके गायब होतात.)

व्हॉट्सॲपचा संदेश गावातल्या सगळ्या फोनवरून गेला होता. मुंबईतल्या एका भाच्याच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट निघाला. तो तसाच छापून जोडला असता तर पुढे फेटाळला गेला असता. अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की, मूळ उपकरण हजर केले नाही तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब(४) चे प्रमाणपत्र हवेच. (तो वाद जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतला, म्हणजे हे तत्त्व आपल्याच मातीत पक्के झालेले.) म्हणून फोन पंचनाम्याने ताब्यात दिला आणि भाच्याच्या सहीचे प्रमाणपत्रही घेतले.

चुलत भाऊ पावती द्यायला तयार होता, साक्षीला नाही. त्याचे घर गावातच, बायको गावकीतल्या घरची. वकिलांनी त्याचा जबाब पोलिसांपुढे न थांबवता कलम १६४ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेण्याची विनंती केली. फितूर होण्याचा धोका त्याने संपत नाही, पण शपथेवर दिलेले मोडणे अवघड जाते.

आरोपी किती?

तक्रारदाराला ९० नावे द्यायची होती. सभेत हात वर करणारे सगळे. त्याचा राग समजण्यासारखा होता, पण ९० नावे दिली असती तर गावाची भिंत आणखी पक्की झाली असती, साक्षीला एकही उरला नसता, आणि प्रत्येकाचा वेगळा सहभाग सिद्ध करावा लागला असता. शेवटी सात पंच आणि मुंबई मंडळाचा एक पदाधिकारी, असे आठ आरोपी केले.

मुंबईच्या पदाधिकाऱ्याला घ्यावे की नाही यावर दोन बैठका झाल्या. तो सभेला हजर नव्हता, पण फोनवरून स्पीकर लावून ‘दंड कमी करू नका’ असे म्हणाल्याचे दोघांनी ऐकले होते. त्याला घेतल्यावर मंडळात फूट पडली. नोकरीपेशातल्या चाकरमान्यांना न्यायालयाच्या तारखा नको होत्या. तडजोडीचा पहिला फोन मुंबईहून आला.

पालखीचा प्रश्न

बचावाने सर्वांत जोर इथे लावला. पालखी कुठल्या दारी न्यायची हा देवस्थानचा धार्मिक प्रश्न, त्यात न्यायालयाने पडू नये, असे त्यांचे म्हणणे. याला जुना आधार आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात तो चार विरुद्ध एक मताने घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणावरून सदस्याला बाहेर काढणे हा अनुच्छेद २६(ब) खालचा संप्रदायाचा अधिकार, असे बहुमत म्हणाले. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांनी बहुमताविरुद्ध निकाल लिहिला. २०१६ च्या अधिनियमाने १९४९ चा कायदा निरसित केला असला तरी मूळ प्रश्न जिवंत आहे. हा खटला चालू होण्याच्या सुमारास, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला.

वकिलांनी ठरवले की पालखी फिर्यादीत ठेवायची, पण तिच्यावर खटला उभा करायचा नाही. दंड, गिरण आणि मिनिडोर यांत कुठलाही धर्म नाही, आणि बहिष्काराचे कारण उमेदवारी हे होते. डावपेच म्हणून हे बरोबर होते. फक्त घरात त्याचा अर्थ वेगळा लागला. आईच्या लेखी गिरण आणि मिनिडोर दुय्यम होते, तिचे दुखणे पालखीचेच होते, आणि नेमके तेच बाजूला ठेवले गेले. तिला हे कोणी नीट समजावून सांगितले नाही.

तडजोड आणि परिणाम

दोषारोपपत्र ऑगस्ट २०२३ मध्ये दाखल झाले. अधिनियमात दोषारोपपत्रापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याची अपेक्षा आहे. सहा महिन्यांत इथे दोषारोप निश्चितीच झाली. या मुदतीवर भिस्त ठेवून पैशांचे नियोजन करू नये.

या कायद्याखालचा गुन्हा पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो. जून २०२४ मध्ये तो मिटवला गेला. दंडाचा ठराव मागे घेतल्याचे आठही जणांनी लिहून द्यायचे आणि ग्रामसभेत वाचायचे, चुलत भावाचे ५,००० रुपये परत करायचे, पुढे कोणत्याही कारणाने माणसावर दंड बसवायचा नाही, आणि शिमग्याला पालखी दारी न्यायची, अशा अटी होत्या. धर्मादाय कार्यालयातून निरीक्षक येऊन गेल्यापासून ‘नियम मोडला म्हणून’ अशा पावत्या फाटणे आधीच थांबले होते.

ग्रामसभेत निवेदन वाचले गेले. गिरण सुरू झाली. मिनिडोर मात्र कर्जाचे हप्ते थकल्यामुळे आधीच विकावी लागली होती.

पत्नीचा तडजोडीला विरोध होता. तिचे शिवणकामाचे गिऱ्हाईक गेले, गटातले पद गेले, आणि अटींत या दोन्हींचा उल्लेख नव्हता. तो आला नाही कारण फिर्याद एकट्या नवऱ्याच्या नावे होती. पत्नीचा फक्त साक्षीदार म्हणून जबाब होता, आईचा तोही नव्हता. न्यायालयाने संमती विचारली ती फिर्यादीला. व्यक्तीला गावकीच्या मुठीतून सोडवायला निघालेल्या खटल्यात घरातल्या दोन बायकांच्या वतीने पुन्हा कर्त्या पुरुषानेच होकार दिला, आणि हे तेव्हा कोणाला खटकलेही नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, फिर्याद. बहिष्कार घरावर पडतो, पण नुकसान माणसागणिक वेगळे असते. घरातल्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीचे स्वतंत्र निवेदन आणि स्वतंत्र मागणी पहिल्या दिवशीच लिहून घ्यावी, आणि ज्यांची इच्छा आहे त्यांची नावे फिर्यादीत पीडित म्हणून यावीत. कर्त्याला हे आवडत नाही. तरी आग्रह धरावा.

दुसरे, सभा व्हायच्या आधीच हालचाल करता आली असती. जानेवारीच्या सभेची दवंडी दोन दिवस आधी फिरली होती. बहिष्कार घालण्यासाठी सभा भरण्याची शक्यता दिसली तर मनाई आदेश काढण्याचा अधिकार अधिनियमाने जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिला आहे. एक पानी अर्ज आणि ई-मेल पुरला असता. आदेश निघाला नसता तरी प्रशासनाला आधी कळवल्याची नोंद राहिली असती.

तिसरे, निवडणुकीचा गुन्हा हातचा गेला. उमेदवारी मागे घ्यायला धमकावणे हा तेव्हाच्या दंड संहितेत कलम १७१क आणि १७१फ खाली अनुचित प्रभावाचा गुन्हा होता, आणि देवाच्या कोपाची भीती घालणेही त्यात बसते. ‘देवीला तोंड दाखवायचे आहे ना’ असा निरोप आल्याचे दोन साक्षीदार होते. पण तो अदखलपात्र आहे आणि एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचा, त्यामुळे दखल घ्यायची मुदतही एकच वर्ष. ती डिसेंबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा सगळे दोषारोप निश्चितीच्या तारखांत अडकले होते.

पत्नीचे पुढे काय, हा प्रश्न मिटलेला नाही. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात मुदत तीन वर्षांची, म्हणजे सभेपासून मोजली तर जानेवारी २०२६ पर्यंतची. गटातून तिला अजून बाहेरच ठेवलेले असेल तर तो चालू राहणारा गुन्हा मानून मुदत रोज नव्याने सुरू होते असा युक्तिवाद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७२ वर (नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१८) करता येतो. बचत गटाच्या अध्यक्षा मात्र म्हणतात की पद ठरावाने नाही, बैठकांना गैरहजर राहिल्यामुळे गेले. बैठकीचे वेळापत्रक कोणत्या फोनवर कोणाला पाठवले होते, याची माहिती गोळा करणे सध्या चालू आहे.